एका हॉटेलात तीन रात्री

सिंगापूरमध्ये उन्हाळा नसतो. म्हणजे बाराही महिने तोच असतो, त्यामुळे त्याला वेगळं नाव द्यायचं कुणाला सुचत नाही. आमच्या सेरंगूनच्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहणारे चौबळसाहेब मात्र मे महिना संपत आला की लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारायचे, "मग, उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठे?" विचारायचे आणि उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत. दार उघडलं की बाहेर. पुष्कळदा तर आपल्या मजल्याच्या आधीच बाहेर पडायचे, कारण लिफ्ट मधे दोनदा थांबली की त्यांना वाटायचं, याच्यापेक्षा मी चालत लवकर पोचेन. पोचायचेही.

मी बरोबर उलटा. मी बसणारा माणूस आहे. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, जागा मिळाली आणि आपलं स्टेशन आलं, तर मला आनंदापेक्षा वाईट जास्त वाटतं. आमच्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक खळगा आहे. तो दाखवून माझी बायको मुग्धा पाहुण्यांना सांगते, "हे इथे असतात." अशा माणसाची आणि चौबळसाहेबांची गट्टी कशी जमली, असं लोक विचारायचे. उत्तर सोपं होतं. त्यांना जागा धरायला कुणीतरी लागायचं.

इथल्या हॉकर सेंटरमध्ये टेबल धरायचं तर लोक त्यावर टिशूचं पाकीट ठेवून जेवण आणायला जातात, आणि त्या पाकिटाला सगळं सिंगापूर मान देतं. चौबळसाहेबांचा पाकिटावर विश्वास नव्हता. पाकिटाऐवजी मिलिंद ठेवावा, असं त्यांचं मत. मला टेबलाशी बसवून ते स्टॉलांमधून फिरायला लागायचे. एकीकडून नूडल्स, दुसरीकडून तळलेला मासा, तिसरीकडे नुसतीच चौकशी. आणलेलं समोर ठेवायचे, स्टुलावर एक पाय टेकवून उभ्याने चार घास खायचे आणि "त्या टोकाला काहीतरी नवीन आलंय" म्हणून परत गायब. जेवण झालं की ट्रे परत नेऊन ठेवायचा, असा इथे नियम आहे. हा नियम चौबळसाहेब माझं जेवण व्हायच्या आत पाळायचे. कितीदा तरी मी चमचा हातात धरून, दूर चाललेल्या माझ्या राइसकडे बघत राहिलेलो आहे.

ते मूळचे जहाज दुरुस्तीतले इंजिनियर. पुण्याहून आले ते सेम्बावांगच्या एका यार्डात. कोरड्या गोदीत जहाज वर घेतलं की त्याच्या पोटाखालून मान वर करून चालत जायचं, हे काम त्यांना इतकं आवडायचं की त्याचं वर्णन करतानासुद्धा ते आमच्या बैठकीच्या खोलीत फिरायचे आणि पंख्याकडे बघायचे. पुढे बढती मिळाली आणि तांजोंग पगारच्या ऑफिसात खुर्ची मिळाली. "खुर्चीला चाकं आहेत, तेवढंच समाधान," असं म्हणायचे. मीटिंगला उभे राहायचे. फोनवर बोलताना इतके चालायचे की त्यांचा साहेब म्हणे एकदा चिडून म्हणाला, मिस्टर चौबळ, तुम्ही मलेशियातून बोलताय का.

त्यांचा सगळा संसार पासावर होता. कामाचा पास, म्हणजे नोकरी आहे तोवर इथे राहायची परवानगी, तोही दोन-तीन वर्षांचा, मग नवा. कायम राहण्यासाठी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नकार आला. दुसऱ्या नकाराच्या दिवशी मी भेटायला गेलो, तर म्हणाले, "बरंच झालं. पायात काही अडकलं नाही." शैलावहिनी चहा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

घरंही तशीच, दोन-दोन वर्षांच्या कराराची. सेम्बावांगमध्ये तीन, मग इकडे सेरंगूनमध्ये आमच्या डोक्यावर. करारात पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. म्हणून त्यांच्या लग्नाचा मोठा फोटो प्रत्येक घरात जमिनीवर, भिंतीला टेकवून उभा असायचा. लोकांच्या घरी यजमानांचा फोटो बघायला मान वर करावी लागते, यांच्याकडे वाकावं लागायचं. माझी मुलगी ईरा लहान असताना त्या फोटोसमोर मांडी घालून बसायची आणि त्यातल्या वहिनींना बिस्किट द्यायची. उघडलेलं नाही असं एखादं खोकं नेहमी दाराशी असायचं. वहिनींनी त्यावर टेबलक्लॉथ घालून काचेची बरणी ठेवली होती. बरणीत मनीप्लांट. तोच एक त्या घरात मुळं धरून होता, तोही पाण्यात.

असा माणूस गोल्फ खेळतो, हे ऐकून मला आधी नवल वाटलं होतं. गोल्फ म्हणजे पैसेवाल्यांचा सावकाश खेळ, असा माझा समज. एकदा त्यांच्याबरोबर गेलो आणि समज दुरुस्त झाला. त्यांना चेंडू कुठे जातो याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. तो जिथे गेला तिथपर्यंत चालत जाता येतं, याच्याशी होतं. बाकीचे लोक विजेच्या छोट्या गाडीत बसून फिरायचे. यांना ती गाडी दाखवली की चेहरा पडायचा. "गोल्फ म्हणजे कॉलरवाला शर्ट घालून केलेली भटकंती," ते म्हणायचे. "नुसतं भटकलं तर लोक विचारतात, कुठे निघालात. हातात काठी असली की कुणी विचारत नाही."

मलाही शिकवायचा त्यांनी प्रयत्न केला. सरावाच्या मैदानावर मी काठी उगारली, डोळे मिटले आणि मारली. गवताचा एक मोठा तुकडा सुंदर कमान करून लांब जाऊन पडला. चेंडू होता तिथेच होता. चौबळसाहेब त्या चेंडूकडे बघत म्हणाले, "तुझ्यासारखाच आहे." त्यानंतर मी त्यांच्या गोल्फमध्ये पिशवी धरण्यापुरता उरलो.

जूनमध्ये शाळांना सुट्टी लागली की ते गाडी काढायचे आणि पूल ओलांडून मलेशियात शिरायचे. इथे कुठेही जा, तासाभरात समुद्र आडवा येतो. पलीकडे मात्र रस्ता वर वर जातच राहतो, आणि यांना तेवढंच हवं असायचं. आज मलाक्का, उद्या इपो, परवा पेनांग. जिथे गोल्फचं मैदान तिथे मुक्काम, आणि मुक्काम म्हणजे एक रात्र. दुसऱ्या रात्री तीच खोली, हे त्यांना शिळं अन्न वाढल्यासारखं वाटायचं. पहाटे उठायचं, बॅग गाडीत टाकायची, काउंटरवर खोलीचं कार्ड द्यायचं, आणि वहिनी केसांना पिन लावतायत तोवर खाली इंजिन सुरू. बॅग कधी उघडायचीच नाही. लागेल ते वरच्या कप्प्यातून हात घालून काढायचं.

निघायचा एक विधी होता. गाडीत बसल्यावर डावीकडे वळून वहिनींकडे बघायचं आणि म्हणायचं, "बेल्ट लाव." वहिनींनी तो केव्हाच लावलेला असायचा. तरी एवढं म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. गाडीला जणू दोन किल्ल्या होत्या, एक खिशातली आणि एक ही.

त्या सगळ्या प्रवासांचं वहिनींना काय आठवायचं, तर लॉबी. "मलाक्का म्हणजे हिरवा गालिचा," त्या मुग्धाला सांगायच्या. "पेनांगला मोठी मासळीची काचेची पेटी होती. इपोला सोफा छान होता, पण त्यावर बसले आणि हे आलेच, चल म्हणत. हॉटेलच्या कपाटाचं दार मी लग्नानंतर उघडून पाहिलेलं नाही गं."

शेवटच्या वर्षी एका रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला आली. मुग्धाने बांगड्याचं कालवण केलं होतं. चौबळसाहेबांची नोकरी त्या डिसेंबरात संपणार होती, म्हणजे पासही संपणार. योगायोग असा की गाडीचीही मुदत संपत आली होती. इथे गाडी दहा वर्षांची झाली की तिचं लायसन नव्याने घ्यावं लागतं किंवा ती मोडीत काढावी लागते. पुण्यात त्यांनी फ्लॅट घेऊन ठेवलेला होता, कुलूपबंद. आणि तेवढ्यात समुद्रापलीकडच्या बाताम बेटावरून, एका यार्डाकडून त्यांना विचारणा झाली होती. दोन वर्षं या, जहाजं बघा.

"मी यांना एक सांगितलंय," शैलावहिनी म्हणाल्या. "या खेपेला एका हॉटेलात तीन रात्री राहायचं. सलग. त्याच खोलीत."

"त्यात काय," चौबळसाहेब म्हणाले. ते आमच्या खिडकीशी उभे राहून भात खात होते.

"बसून सांगा."

ते बसले. "त्यात काय," म्हणाले, आणि पाणी आणायला उठले.

"आणि नाही जमलं तर?" मुग्धाने हसत विचारलं. तिला ही गंमत वाटली होती. मलाही.

वहिनी बांगड्याचा काटा काढत होत्या. तो नीट ताटाच्या कडेला ठेवून म्हणाल्या, "नाही जमलं तर हे बाताम आणि मी पुणे. भांडण नाही हं. सोय म्हणून सांगतेय. पुण्याच्या घरात मला हे दिवसभर समोर येरझाऱ्या घालताना नकोत. इतकी वर्षं कामाचं निमित्त होतं, मी म्हटलं, कामाचा माणूस आहे. आता काम नाही. तीन रात्री एका जागी माझ्याबरोबर राहवत नसेल, तर पुढची वर्षं कशी काढायची? मग ज्याने त्याने आपापल्या जागी सुखात असावं."

मी विषय बदलायला विचारलं, "बातामला उत्तर कधी द्यायचंय?"

"सुट्टीवरून आलो की," स्वयंपाकघरातून आवाज आला. पाणी घेऊन ते लगेच बाहेर आले नाहीत.

"तुम्ही तिघंही चला," वहिनी म्हणाल्या. "साक्षीला कुणीतरी हवं."

तर असे आम्ही पाचजण मलेशियातल्या कॅमेरॉन हायलंड्सला निघालो. डिकीत बॅगा मावल्या आणि गोल्फची पिशवी मावली नाही, म्हणून ती मागे आमच्या तिघांच्या मांड्यांवर आडवी. "बाबा, गोल्फ बॅगला सीट आणि मला हाफ सीट, व्हेअर गॉट फेअर लाह," ईरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, म्हणजे हा कुठला न्याय. इथून गाडी पलीकडे न्यायची तर टाकी पाऊण भरलेली लागते. पलीकडे पेट्रोल स्वस्त, म्हणून सरकारने घातलेली अट. चौबळसाहेबांनी आदल्या संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली होती. पण मग घरात चैन पडेना, म्हणून चांगीपर्यंत एक चक्कर मारून आले. तिथून जुरोंगपर्यंत एक. सकाळी काटा खाली आलेला बघून स्वतःच हिरमुसले, आणि आमचा प्रवास पेट्रोल पंपाच्या रांगेपासून सुरू झाला.

महामार्गावर थांबलो तिथे आम्ही बसून प्राटा, म्हणजे इकडचा पराठा, आणि दाट गोड चहा घेतला. चौबळसाहेब पार्किंगमध्ये गाडीभोवती फेऱ्या घालत टायर तपासत होते. वहिनींनी त्यांच्या वाटणीचा प्राटा कागदात गुंडाळून घेतला. सगळं ठरल्यासारखं.

हॉटेल डोंगरात होतं, समोर पार्किंग, त्यापलीकडे गोल्फचं मैदान आणि मागे चहाचे मळे. हवा इतकी गार की ईराने विचारलं, इथे एसीचं बटण कुठे आहे. आमच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या. संध्याकाळी वहिनींनी मुग्धाला हाक मारून मुद्दाम बोलावून घेतलं. कपाट उघडं होतं, आणि आत त्यांचे चार कुडते आणि एक शाल हँगरला टांगलेली होती. दोघी बराच वेळ त्या कपाटाकडे बघत उभ्या राहिल्या, मुग्धाने नंतर मला सांगितलं. चौबळसाहेबांची बॅग खुर्चीवर होती. चेन लावलेली.

पहिली रात्र पार पडली, असं मी सकाळी म्हणणार होतो. पण नीट उजाडायच्या आतच दारावर टकटक झाली. दार उघडलं तर चौबळसाहेब. गोल्फचा शर्ट, टोपी, आणि चेहरा पांढरा पडलेला. इतक्या वर्षांत प्रथमच ते एका जागी गप्प उभे होते.

"मिलिंद, घोळ झालाय. खाली चल."

"काय झालं?"

"मी चेक-आउट केलं."

"वहिनी कुठायत?"

"झोपलीय. खोलीत."

जिना उतरता उतरता त्यांनी सांगितलं. पहाटे जाग आली. रोजच्यासारखं उठले, आवाज न करता तोंड धुतलं, बॅग उचलली, खाली आले. बॅग डिकीत टाकली, काउंटरवर कार्ड दिलं, सही केली, तिथल्या मुलीला थँक यू म्हटलं. गाडीत बसले, इंजिन सुरू केलं, दिवे लावले आणि डावीकडे वळून म्हणाले, बेल्ट लाव.

"सीट रिकामी," ते म्हणाले. "मी बघतच राहिलो. मग कळलं. अरे, डोक्यात काहीच नव्हतं. हात चालले, पाय चालले, मी कुठे होतो कुणास ठाऊक."

मी हसलो असतो. पण त्यांच्याकडे बघून हसू आलं नाही.

खाली काउंटरवरच्या मुलीने मान हलवली. "अंकल, यू चेक-आउट ऑलरेडी लाह." लॉबीत रात्रभर बसचा प्रवास करून आलेला गोल्फवाल्यांचा एक गट बॅगांवर डोकी ठेवून पडला होता. त्यांना एक खोली कमी पडत होती आणि हॉटेल सुट्टीमुळे तुडुंब. चौबळसाहेबांनी कार्ड देताच तिने खुशीने ती खोली त्या गटाच्या नावावर टाकली होती. आता फक्त चादरी बदलायच्या.

"मॅडम खोलीत झोपल्यायत," मी इंग्रजीत सांगितलं. मुलीने माझ्याकडे, म्हणजे माझ्या चट्ट्यापट्ट्याच्या पायजम्याकडे पाहिलं. "युवर मॅडम?"

"माय मॅडम," चौबळसाहेब म्हणाले.

दुसरं हॉटेल शोधता आलं असतं. वहिनींना काहीतरी कारण सांगून हलवता आलं असतं. मी तसं सुचवलंही. ते नाही म्हणाले. "त्याच खोलीत, असं म्हणाली होती. कपाटात तिचे कपडे आहेत."

मग ते त्या गटाच्या म्होरक्याकडे गेले. तांबडी टोपी घातलेले एक चिनी गृहस्थ, वय यांच्याएवढंच. बोलता बोलता कळलं की त्यांना खोली कमी होतीच, पण त्याहून मोठं दुखणं हे की मैदानावर सकाळच्या चांगल्या वेळा मिळाल्या नव्हत्या. ऐन उन्हात खेळावं लागणार होतं. चौबळसाहेबांकडे दोन सकाळच्या वेळा होत्या, महिनाभर आधीपासून धरलेल्या. त्या मैदानाबद्दल ते आम्हाला पूल ओलांडल्यापासून सांगत आले होते. कुठला उतार, कुठला ओढा, धुकं कसं उतरतं.

"दोन्ही घ्या," ते त्या गृहस्थांना म्हणाले. "मला फक्त माझी खोली द्या. आणि माझ्या बायकोला काही सांगू नका."

तांबडी टोपी आधी गोंधळली, मग तिने वर जिन्याकडे पाहिलं आणि सगळं समजल्यासारखी खदखदून हसली. "वाइफ नो नो. ओके, ओके. वी ऑल मॅरीड." त्यांच्यातले दोघं त्या खोलीवरचा हक्क सोडून दुसऱ्यांबरोबर दाटीवाटीने राहायला तयार झाले. मुलीने नवं कार्ड करून दिलं. मी या सगळ्यात बॅग उचलून परत वर आणली, तेवढीच माझी कामगिरी.

आता प्रश्न हा की दोन दिवस गोल्फ का नाही, हे वहिनींना काय सांगायचं. न्याहारीला आम्ही खाली आलो, तेव्हा चौबळसाहेब कमरेवर हात ठेवून, वाकून चालत होते.

"पाठ धरलीय," ते म्हणाले.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या. "मग बसून राहा."

सुटकेसाठी शोधलेल्या सबबीत माणूस स्वतःच कसा अडकतो, ते मी पुढचे दोन दिवस जवळून पाहिलं. पाठ धरलेल्या माणसाला फिरता येत नाही. व्हरांड्यात वेताची खुर्ची मांडली गेली. मागे उशी, मांडीवर शाल, पाठीला बाम. समोर मैदान. त्यावर तांबडी टोपी आणि मंडळी चौबळसाहेबांच्या वेळेला, त्यांच्याच धुक्यात खेळत होती, आणि एखादा फटका चांगला बसला की लांबून आमच्याकडे बघून हात हलवत होती.

"ओढ्यात घालणार," चौबळसाहेब पुटपुटायचे. "बघ, घातला. काठी बदल म्हणावं." त्यांचा उजवा गुडघा सतत हलत होता. वेताची खुर्ची तालात कुरकुरत होती. दोनदा ते सहज उठून चालायला लागले आणि माझ्याकडे बघून एकदम वाकले. एकदा तर चुकीच्या बाजूला वाकले.

वहिनी शेजारच्या खुर्चीत. पहिल्या दिवशी त्या मासिक वाचत होत्या. दुसऱ्या दिवशी मासिक मिटलेलं होतं. मी पलीकडे पेंगत होतो, म्हणजे माझ्या मूळ पदावर होतो, आणि मधून मधून कानावर पडत होतं.

"फोटो हॉलमध्ये लावू. पूर्वेच्या भिंतीला," चौबळसाहेब म्हणत होते.

"पूर्वेला खिडकी आहे. तुम्ही घर पाहिलंय का नीट?"

"पाहिलंय की."

"चालता चालता पाहिलंय."

कुरकुर. कुरकुर. मग त्यांचा आवाज, जरा खालचा. "तुला इतकी वर्षं कंटाळा आला असेल नाही, शैला? त्या लॉब्यांमध्ये."

"कंटाळा नाही. घाई व्हायची," वहिनी म्हणाल्या. "चहा घ्या. गार होतोय."

मी डोळे उघडले नाहीत. गुडघा थांबला होता असं मी म्हणणार नाही. चहा पिताना तेवढा थांबला असेल.

तिसरी रात्रही झाली. सकाळी मी खाली आलो तर चौबळसाहेब लॉबीत खांबाला टेकून उभे, बॅग पायाशी, कार्ड हातात. काउंटर चार पावलांवर होतं, पण ते तिकडे गेले नव्हते. वहिनी सावकाश जिना उतरल्या, लॉबीतल्या सोफ्यावर बसल्या, गालिच्याकडे पाहिलं, उशी सरकवून बघितली. मग म्हणाल्या, "चला." तेव्हा त्यांनी कार्ड दिलं. वाकायचं मात्र ते विसरले होते.

परतीच्या वाटेवर महामार्गावर पुन्हा चहाला थांबलो. चौबळसाहेब टायर तपासत होते. ईरा आणि मुग्धा प्राट्याच्या रांगेत. मी आणि वहिनी टेबलाशी. मी अगदी भोळेपणाने म्हटलं, "जमलं की साहेबांना."

वहिनींनी कप खाली ठेवला. "मी जागीच होते रे, मिलिंद."

"कधी?"

"त्या पहाटे. बॅग उचलली तेव्हाच जाग आली. हाक मारली नाही. म्हटलं, बघू या कुठपर्यंत जातात. खिडकीतून खाली गाडी दिसत होती. दिवे लागले. मी पडदा धरून उभी. मनात म्हटलं, झालं, आता बाताम." त्यांनी कप बशीत फिरवला. "आणि दिवे विझले. पुढचं मला माहीत नव्हतं. काल संध्याकाळी तो तांबड्या टोपीवाला जिन्यात भेटला आणि न राहवून म्हणाला, थँक यू मॅडम, दोन्ही सकाळी फार सुंदर गेल्या. तेव्हा कळलं यांनी काय दिलं ते."

"आणि पाठ?"

"ज्या पाठीला जन्मभर बाम लावला, ती दुखतेय की नाही हे मला कळत नाही होय?" त्यांना हसू आलं. "लावला भरपूर. चांगला झोंबेलसा."

"तुम्ही त्यांना सांगणार?"

"कशाला? त्यांना वाटू दे, मला कळलं नाही." पार्किंगकडे बघत त्या म्हणाल्या, "विसरायचे ते नेहमीच. परत फिरले नव्हते कधी."

बातामला त्यांनी नकार कळवला, ते मला लिफ्टमध्ये समजलं. "नाही म्हणून टाकलं," ते म्हणाले. "जहाजं काय, सगळी सारखीच." मग मजल्यांचे आकडे बदलताना बघत राहिले. त्या दिवशी ते नवव्यापर्यंत लिफ्टनेच गेले. पण आत दोन्ही पायांवर आलटून पालटून भार देत होते.

नोव्हेंबरात गाडी मोडीत गेली. तिला सोडून ते बसने परत आले आणि बराच वेळ खाली ब्लॉकभोवती फिरत होते. डिसेंबरात एक दिवस मला घेऊन दुकानात गेले आणि भिंतीत भोक पाडायची मशीन घेतली. ती पुण्यातही मिळते, असं मी म्हटलं. "मिळते. पण तिथे पोचल्या पोचल्या लागेल," ते म्हणाले. नव्या बुटांची जोडीही घेतली, वहिनींनी पसंत केलेली. नाडीची. आजवर ते नाडी नसलेले बूट वापरायचे. नाडीत माणसाचा वेळ जातो, असं त्यांचं म्हणणं होतं.

चांगीला आम्ही तिघं सोडायला गेलो. ईराने वहिनींच्या गळ्यात पडून "बाय आंटी" म्हटलं, आणि मग मराठीत, जरा अडखळत, "फोटो वर लावा." तिकडे काचेपलीकडे लोक पासपोर्ट दाखवून आत जातात आणि मग थोडा वेळ काचेतून दिसत राहतात. चौबळसाहेब नेहमीप्रमाणे पुढे सुटले होते, बॅग ओढत, गेटचे फलक वाचत. वहिनी मागे, आपल्या चालीने. आम्ही हात हलवत होतो, पण ते बघत नव्हते. आता वळणावरून दिसेनासे होणार, तेवढ्यात ते थांबले आणि एका बाकावर बसले.

"बसले," मी मुग्धाला म्हणालो.

"नाडी सुटलीय," ती म्हणाली. "बांधताहेत."

खरंच, ते वाकून नाडी बांधत होते. सवय नसल्याने दोनदा चुकले. वहिनी चालत बाकापर्यंत पोचल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. चौबळसाहेबांनी गाठ मारली, बूट जमिनीवर एकदा आपटून बघितला आणि सरळ झाले.

नाडी बांधून झाली होती. तरी ते उठले नाहीत.